गंगा बाजूला बसली ती सकाळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवालासुद्धा नाही. त्याच्याशी मी बाकी सगळं बोलते, अगदी गुडघ्याचं दुखणंही सांगते, पण हे जवळ आलं की विषय बदलते. देवाशी बोलतानाही विषय बदलता येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? येतो. मी आयुष्यभर बदलत आले.

आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहिते. मी शाळेत गेलेली नाही. आमचं गंगेच्या घाटावर हळदकुंकवाचं, खणनारळाचं दुकान. पुड्या बांधायला रद्दी यायची, तिच्यावरची अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले आणि मग लिहायला. त्यामुळे माझं लिहिणं बोलल्यासारखं होतं, इकडचं तिकडे जातं. तेवढं चालवून घ्या. मुद्द्यावर यायला मला उशीर लागेल, कारण त्या मुद्द्यावर मला यायचंच नाहीये — आणि आज यायचं तर आहे.

गंगा म्हणजे आमची गोदावरी. काठावर राहणारी आम्ही माणसं, आमच्या तोंडी गंगाच. आता तिच्यावर धरण आहे. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो, घाटावरची दुकानं उचलायला सांगतात, पोरंटोरं पूर बघायला छत्र्या घेऊन जातात. मी सांगते तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं, एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं, आणि वर धरणबिरण काही नव्हतं. त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस झाला की ते पाणी सरळ आमच्या दारात. सांगायला कोण येणार? पाणी स्वतःच येऊन सांगायचं.

आमचं घर घाटाच्या वरच्या अंगाला. पुढे गल्लीत दुकान, मागे पडवी. पडवीच्या दाराशी उभं राहिलं की थेट पायऱ्या दिसायच्या आणि त्यांच्या शेवटी पाणी. घरात सासूबाई — त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो — माझे यजमान, माझे दीर, मी, आणि धाकटी जाऊ कुसुम. कुसुमची मंगल तेव्हा नुकती चालायला लागली होती. मला मूल नव्हतं. पुढेही झालं नाही. मंगल दिवसाचा निम्मा वेळ माझ्याच कडेवर असायची. कुसुम हसून म्हणायची, “वहिनी, मी नुसती जन्माला घातली. पोर तुमचीच.”

तिच्या तोंडचे हे शब्द मला नंतर फार जड गेले. पण ते पुढे.

आधी माझ्या आईचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं. माझं माहेर त्र्यंबकच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. घरापुढून ओढा वाहायचा आणि तो पुढे गंगेलाच मिळायचा. आमच्याकडे पावसाळ्याचं भय होतं, आणि ते भय कुणी लपवत नसे. आई पावसाळाभर गाई बांधताना दाव्याला सुटी गाठ मारायची, ओढली की सुटणारी. खुंटीला तेलकट फडक्यात गूळपोहे आणि काड्यापेटी टांगलेली असायची. आधी गुरं सोडायची, मग पोरं उचलायची, मग आपण, भांड्यांना हात लावायचा नाही. हे आम्हाला बाराखडीसारखं पाठ. बाराखडी आली नव्हती, पण हे येत होतं.

मी लहान असताना एकदा मोठा पाऊस लागला होता. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला. आम्हाला काही कळेना. ती कान देऊन बसली होती. बाहेर पाऊस धो धो, पण ओढ्याचा आवाज — तो येत नव्हता. पाऊस असताना ओढा गप्प. भाकरी तशीच तव्यावर टाकून ती उठली, मला बखोटीला धरलं आणि बाहेर. पण सरळ माळावर नाही गेली हो. ती काठावरच्या एकेका दारात गेली, चिखलात पाय रुतत होते तरी गेली, आणि ओरडली, “वढा गप झालाय. निघा. वढा गप झालाय.” काही निघाले. काही म्हणाले, बाईला वेड लागलं, पाणी तर उलट कमी झालंय. तिनं त्यांना शिव्या घालून बाहेर काढलं.

वर डोंगराची दरड कोसळली होती. तिनं ओढा अडवला होता. आम्ही माळावर पोचलो आणि थोड्या वेळानं ते सगळं फुटून खाली आलं. नुसतं पाणी नव्हतं ते. दगड, चिखल, अख्खी झाडं मुळांसकट. घरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

तेव्हापासून आई मला सांगायची, पाणी वाढलं तर भ्यायचं, आणि पाऊस असून उतरलं तर जास्त भ्यायचं.

आणखी एक तिचं होतं. पावसाळ्यात पाणी तांबडं आलं की आमच्याकडे म्हणत, नदी बाजूला बसली. बाई बसते तशीच. मग तीन दिवस तिला शिवायचं नाही. धुणं न्यायचं नाही, गुरं न्यायची नाहीत, पाय बुडवायचा नाही. ती आपली आपण शांत होऊन न्हाऊन उठेल, तोवर लांब राहायचं. देवाधर्माचं म्हणा की शहाणपणाचं म्हणा, माणसं जगायची.

आणि सासरी याच्या उलट. तांबडं पाणी आलं की घरातल्या थोरल्या सुनेनं घाट उतरून जायचं आणि गंगेची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. सवाष्णीनं ओटी भरली की गंगा माघारी वळते म्हणत. घर घाटावर, दुकान ओटीचं — मान आमचाच. आत्याबाईंनी वर्षानुवर्षं भरली होती. त्यांचे गुडघे गेल्यावर मान माझ्याकडे आला.

मी दर वर्षी जायची. भीत भीत जायची. पाय पाण्यापासून हातभर लांब ठेवून नारळ फेकल्यासारखा सोडायची आणि पळत वर. आत्याबाई पडवीतून बघत असत. “ओटी भरतेस की कुत्र्याला हाकलतेस ग?” असं म्हणायच्या. सगळे हसायचे. मीही हसायची.

त्या सकाळच्या दोन वर्षं आधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी सबब म्हणून सांगत नाही. घडली म्हणून सांगते.

त्या साली पाणी तांबडं झालं आणि थोडं उतरल्यासारखं मला वाटलं. मी घरभर ओरडत सुटले, पाणी येतंय, निघा. दुकानातला माल मी स्वतः माळ्यावर चढवायला लावला. शेजारच्या तांब्याच्या भांडीवाल्यांनी माझं ऐकून दुकान रिकामं केलं. दिवसभर सगळे वाट बघत बसले. आणि पाणी आलं नाही. दुपारी ऊन पडलं. चांगलं लख्ख ऊन.

मग काय विचारता. भांडीवाले दारावरून जाताना म्हणायचे, “काय वहिनी, आज पूर आहे का? नाही, म्हणजे दुकान उघडू ना?” भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, माझं नावच पाडलं — हवामानखातं. ढग आला की म्हणायचे, विचारा खात्याला. आत्याबाई हसत नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “डोंगरातली पोर केली, आता डोंगर घरात आला.” हे मला लागलं. हसण्यापेक्षा ते जास्त लागलं, कारण त्यात माझी आई होती.

मी मनाशी ठरवलं, पुन्हा तोंड उघडायचं नाही. बुडू दे गाव. असं माणूस ठरवतं तेव्हा गाव खरंच बुडेल असं त्याला वाटत नसतं, नाही का?

तर ती सकाळ.

श्रावण होता. चार दिवस आभाळ फाटलेलं. आदल्या दिवशी पाणी तांबडं झालं आणि घाटावरच्या लहान महादेवाच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. सकाळी उठून मी पडवीचं दार उघडलं तर पाणी उतरलेलं. थोडंथोडकं नाही, कितीतरी पायऱ्या उघड्या पडलेल्या, गाळानं माखलेल्या. घाटावर दोनचार माणसं बोलत होती, उतरली हो गंगा, सुटलो. आणि वर त्र्यंबकच्या अंगाला आभाळ शाईसारखं काळं. तिथला पाऊस थांबला नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मी ऐकू लागले. माझ्या आईसारखी, कान देऊन. पाण्याचा आवाज बसला होता. गंगा अशी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

आतून आत्याबाईंची हाक आली, “थोरले, ताट तयार कर. पाणी उतरलंय तोवर ओटी भरून ये.”

मी दारातच उभी. आता तुम्हीच सांगा, त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं? एकच वाक्य होतं. पाऊस आहे आणि पाणी उतरलंय, कुणी खाली जाऊ नका. माझ्या आईनं शिव्या देत दारोदार सांगितलं ते वाक्य. माझ्या जिभेवर होतं ते. आणि त्याच्या मागोमाग कानात भाऊजींचं हसणं आलं — विचारा खात्याला.

मी म्हणाले, “मला कावळा शिवलाय.”

आताच्या मुलींना हे बोलणं कळायचं नाही. पाळी आली असं तेव्हा कुणी उघड म्हणत नसे. कावळा शिवला म्हणायचं, की सगळ्यांना कळायचं. मग ती बाई तीन दिवस बाजूला. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी, वेगळा तांब्या, वरून वाढलेलं ताट. कुणाला शिवायचं नाही, देवाचं तर नावच नको. आणि हे खरं की खोटं, असं कुणी कुणाला विचारत नसे. कसं विचारणार? घरात सगळ्या गोष्टींचा जाब मागायचे, पण ही एक गोष्ट अशी होती की बाईनं सांगितलं ते खरं. सबंध आयुष्यात आम्हाला तेवढाच एक शब्द असा मिळाला होता, की तो कुणी तपासत नसे. तो मी खोटा वापरला.

मला कावळा शिवला नव्हता. मागच्याच आठवड्यात मी न्हाऊन उठले होते.

आणि हे कुसुमला माहीत होतं. तिनंच तर त्या तीन दिवसांत मला ताट वाढलं होतं. एका घरातल्या जावा, एकमेकींच्या तारखा आम्हाला न मोजता ठाऊक असायच्या. आत्याबाईंचं वय झालेलं, त्यांच्या ध्यानात राहत नसे. पण कुसुम. ती चुलीपाशी बसली होती, तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं, आता ही बोलणार.

ती हसली. बारीकसं, ओठांच्या कोपऱ्यात. आणि आत्याबाईंना म्हणाली, “लवकर आलं असेल वहिनींचं. चार दिवस ओल्यात राबतायत. जाऊ द्या, ओटी मी भरते.”

तिनं मला झाकलं हो. तिला वाटलं, बाई दमलीय, तीन दिवस पाठ टेकायची आहे, म्हणून बहाणा करतेय. असे बहाणे बायका करायच्या. तिनंही एकदा केला होता आणि मी गप्प राहिले होते.

मी घोंगडी घेऊन पडवीत बसले. कुसुमनं ताट घेतलं, मंगलला आत्याबाईंच्या मांडीवर दिलं आणि मागच्या दारानं निघाली. पडवीतून जाताना माझ्यापाशी थांबली. हळूच म्हणाली, “खुशाल झोपा काढा. पण चौथ्या दिवशी मेथी निवडायला तुम्ही, मी नाही. आणि कावळ्याला माझा नमस्कार सांगा.”

तेव्हा आम्ही दोघीच होतो. मध्ये कुणी नव्हतं. तिला सगळं ठाऊकच होतं, तिच्यापुढे माझी काय अब्रू जाणार होती? मी तिचा पदर धरू शकले असते. म्हणू शकले असते, कुसुम, जाऊ नको, मी खोटं बोलले ते दमले म्हणून नाही, भ्याले म्हणून. ती हसली असती. पण थांबली असती. माझं ऐकायची ती.

मी काय म्हणाले? “पायऱ्या निसरड्या आहेत, जपून जा.”

एवढंच. जपून जा, म्हणाले मी.

ती उतरत गेली. हिरवं लुगडं होतं. मी घोंगडीवर बसून बघत होते, दार उघडंच होतं. पाणी उतरल्यामुळे तिला नेहमीपेक्षा खूप खाली जावं लागत होतं. गाळावरून पाय सरकत होता, एका हातात ताट, दुसरा हात भिंतीला. खाली पोचल्यावर ती वाकली आणि नीट ओटी भरू लागली. माझ्यासारखी फेकाफेक नाही. कुंकू वाहिलं, हळद वाहिली, तांदूळ सोडले, सावकाश.

आणि आवाज आला.

लांबून, जमिनीतून आल्यासारखा. पुलावरून मोठ्या गाड्या जाव्यात तशी घरघर. तो लहानपणी माळावर उभं राहून ऐकलेला आवाज होता. तो माझ्या हाडांना ठाऊक होता. घाटावरच्या माणसांनी माना वळवल्यासुद्धा नाहीत. त्यांना तो पावसाचा वाटला असेल.

मी उठले. दाराच्या चौकटीला धरलं. हाक मारायला तोंड उघडलं. आणि — हेच ते, हेच मला सांगायचं होतं, बाकी सगळं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं — तोंड उघडलं आणि मनात आलं, आणि जर नसलं तर? पुन्हा ऊन पडलं तर? बाजूला बसलेली बाई दारात येऊन बोंबलते म्हणून सगळी गल्ली गोळा होईल. कुणी विचारेल, हिला आधीच कळलं होतं तर मघाशी का नाही बोलली?

बस. एवढा विचार करायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ गेला. तो फार थोडा असतो. पाण्याला तो पुरला.

पाणी वळणावरून आलं ते काळंतांबडं, पुढे झाडाचा अख्खा बुंधा घेऊन. कुसुमनं वर बघितलं. घराकडे बघितलं की पाण्याकडे, ते मला कळलं नाही. तिनं ताट टाकलं नव्हतं. मग हिरवं काही दिसलं नाही.

मी ओरडले तेव्हा सगळेच ओरडत होते.

वर कुठे दरड पडून पाणी अडलं होतं, की नुसताच मोठा पाऊस होता, ते मला आजही ठाऊक नाही. कुणी म्हणायचं असं, कुणी तसं. काही वर्षं मी या गोष्टीला धरून राहिले. स्वतःलाच सांगायची, अगं, तुला तरी कुठे खात्री होती? पण एक दिवस भांडी घासता घासता माझं मलाच उत्तर मिळालं. खात्री नव्हती, तर मग मी का बसले? स्वतःला वाचवण्यापुरती खात्री होती. तिला वाचवण्यापुरती नव्हती.

पुढचं ऐका.

मी खोटं बोलले होते, आता ते तीन दिवस पाळायला हवं होतं. घरात आकांत उसळला आणि मी पडवीच्या कोपऱ्यात. मंगल आईला शोधत घरभर फिरली, मग मला बघितलं आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे धावली. मी मागे सरले. आत्याबाई रडत रडत म्हणाल्या, “नको बाळ, काकू बाहेरची आहे.” ती पोर तिथेच उंबऱ्यात बसली आणि माझ्याकडे हात करून रडत राहिली. मी तिला घेतलं नाही. घेतलं असतं तर मी खोटी ठरले असते.

दुसऱ्या दिवशी कुसुम खाली टाकळीच्या अंगाला, काटेरी झुडपात सापडली. घरी आणली. सवाष्ण गेलेली, तिला न्हाऊमाखू घालून, कुंकू लावून ओटी भरायची ती थोरल्या जावेनं. ती शेजारच्या बायकांनी भरली. मी पडवीतून बघितली. गंगेची ओटी माझी होती, ती तिनं भरली. तिची ओटी माझी होती, तीही मी भरली नाही.

यजमानांनी मला विचारलं, “तू दारातच होतीस. तुला काही दिसलं नाही?” मी म्हणाले, माझा डोळा लागला होता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. भले होते.

आणि आत्याबाई. त्यांनी माझ्याजवळ, पण शिवणार नाही अशा बेतानं बसून, माझ्याकडे बघत म्हटलं, “एक गेली, पण एकीला कावळ्यानं राखलं ग. तो शिवला नसता तर तू गेली असतीस.” त्या पुढे जिवंत होत्या तोवर हेच सांगत राहिल्या. आल्यागेल्याला सांगायच्या, आमच्या थोरलीला कावळ्यानं वाचवलं. आणि रोज जेवायच्या आधी कावळ्याला पहिला घास टाकायला मला पाठवायच्या. मी टाकायची.

दहाव्याचं सांगते आणि थांबते.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात. कावळा येऊन पिंडाला शिवला की गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं नाही असं समजायचं. इथेही शब्द तोच. कावळा शिवला. घाटावरचे कावळे इतके सरावलेले, की पिंड ठेवायचा अवकाश, झडप घालतात. आम्ही बायका पडवीत उभ्या राहून बघत होतो. मी आता न्हाऊन शुद्ध झाले होते, मंगल माझ्या कडेवर होती.

कावळे आले. भिंतीवर रांगेत बसले. एकही खाली उतरेना.

भाऊजी हात जोडून म्हणाले, मंगलला अंतर देणार नाही. कावळे बसूनच. माझे यजमान म्हणाले, पोरीचं सगळं आम्ही करू. एक कावळा उडाला, पिंडापर्यंत आला, आणि वळून परत भिंतीवर. बाजूचे पिंड कधीच संपले होते. आत्याबाई मग माझ्याकडे वळल्या. “तू बोल. तुझ्यावर जीव होता तिचा. तुझ्याशी काही बोलायचं राहिलं होतं का तिचं?”

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मंगल माझ्या गळ्यातल्या पोतीशी खेळत होती.

तुम्ही म्हणाल, कावळ्याला काय कळतं. पाऊस भुरभुरत होता, माणसं फार होती, बुजले असतील. मलाही तसंच वाटतं. पण मला तर कळत होतं ना? कुठलं वाक्य हवं होतं ते त्या पडवीत फक्त मला ठाऊक होतं. कावळा उतरो न उतरो, ते वाक्य मी त्या दिवशी तिला द्यायला हवं होतं.

मी म्हणाले, “काही राहिलं नव्हतं.” आणि मोठ्यानं म्हणाले, “कुसुम, मंगल माझी.”

कावळे भिंतीवरच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि विधी उरकला.

मंगलला मी वाढवलं. तिनं मला आई म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी एकदाही अडवलं नाही. भाऊजींनी दुसरं लग्न केलं नाही, आणि हवामानखातं हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही. आज मंगलला नातवंडं आहेत. ती माझ्यापाशी बसून त्यांना पणजीची गोष्ट सांगते, आत्याबाई सांगायच्या तशीच, अगदी त्याच शब्दांत — आईला कावळ्यानं राखलं, माझ्यासाठी राखलं. मुलं टाळ्या वाजवतात. मी तिथेच बसलेली असते. वाती वळत असते.

हे ती वाचेल. मी कागद लपवणार नाही आणि तिच्या हातातही देणार नाही, या कोनाड्यात ठेवणार आहे, जिथे माझा चष्मा असतो. वाचून तिनं काय करावं, ते तिचं. गोष्ट तिनं बदलून सांगावी, की सांगूच नये, की मला दारात उभं करू नये, यातलं काहीही मी सुचवणार नाही.

त्या श्रावणात कावळा मला शिवला नव्हता. कुसुमलाही शिवला नाही.